शोकाचा काळ : ‘डोन्ट लुक नाउ’च्या निमित्ताने

साहित्यकृतीचे माध्यमांतर होताना कथानकात कोणते फेरफार झाले याची नोंद आपल्याकडे तत्परतेने घेतली जाते. निवेदनाच्या काळाचे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाही. डाफ्ने द्यू मोरिए यांच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेवरून निकोलस रोग यांनी १९७३ साली दिग्दर्शित केलेला ‘डोन्ट लुक नाउ’ हा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

कथेतील मुलगी मेंदूज्वराने दगावते, आणि तेही कथेच्या आरंभापूर्वी. चित्रपटात ती घराजवळच्या तळ्यात बुडते. अंगावर लाल रेनकोट असतो. त्याच वेळी तिचे वडील जॉन बॅक्स्टर घरात व्हेनिसमधील एका चर्चची स्लाइड न्याहाळीत असतात. तीत बाकावर लाल वस्त्रातील एक आकृती बसलेली आहे. पाणी सांडते, स्लाइडवर लाल रंग पसरत जातो, आणि कोणी काही सांगण्यापूर्वीच जॉन बाहेर धावतो. अतींद्रिय दृष्टी त्याच्यापाशी आहे. ती मान्य करण्याची तयारी तेवढी नाही. पुढे व्हेनिसमध्ये भेटलेल्या दोघी बहिणींपैकी अंध हेदर हिला मृत मुलगी हसताना ‘दिसते’. त्या शब्दांनी लॉरा सावरते. जॉन चर्चच्या जीर्णोद्धारात स्वतःला गुंतवून घेतो.

लॉरा मुलाच्या अपघाताचे वृत्त ऐकून इंग्लंडला जाते. त्यानंतर काळ्या वस्त्रांतील लॉरा त्या बहिणींसमवेत एका नावेतून जाताना जॉनला दिसते. ती परत आली, किंबहुना गेलीच नाही, असा अर्थ लावून तो पोलिसांकडे धाव घेतो. वस्तुतः त्याने पाहिलेली असते ती स्वतःचीच अंत्ययात्रा.

येथे माध्यमाचा प्रश्न उभा राहतो. भाषेत काळ क्रियापदालाच चिकटलेला असतो : गेली, जाते, जाईल. चित्राला असे प्रत्यय नसतात. पडद्यावरील प्रत्येक दृश्य ‘आता’ घडते. कथेतही जॉनला लॉरा अशीच दिसते, पण तेथे त्याच्या नजरेशी बांधलेला निवेदक मध्ये असतो. चित्रपटात मध्यस्थच नाही. त्यामुळे भविष्यकाळाला वर्तमान समजण्याची जॉनची चूक प्रेक्षकाकडूनही तितक्याच सहजपणे घडते. पूर्वसूचना खरी ठरते, पण सूचना म्हणून निरुपयोगी राहते. शोकाची रचना याहून फारशी वेगळी नाही. घडून गेलेली गोष्ट भूतकाळाचा प्रत्यय घ्यायला नकार देते. पतिपत्नींच्या मीलनाच्या बहुचर्चित प्रसंगात त्यानंतरच्या वेशभूषेची दृश्ये मिसळली आहेत. जवळीक घडत असतानाच ती स्मरण होऊन जाते.

शेवटची बुटकी मारेकरीण अनेकांना भडक वाटते. कथेपुरता हा आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. तेथे जॉन एका भेदरलेल्या, अनोळखी मुलीला वाचवावयास जातो. रोग यांनी त्या आकृतीला लाल वस्त्र देऊन तळ्यातील मुलीशी जोडले, आणि तो पाठलाग पित्याचा उशिरा झालेला दुसरा प्रयत्न ठरला.

अखेरीस तीच नाव पुन्हा दिसते. आता तिचा काळ आपल्याला ठाऊक असतो. लॉराच्या चेहऱ्यावर मात्र पुसट स्मित आहे, आणि त्याचा उलगडा चित्रपट करीत नाही.