सारखी दुखापत, हरवलेला फॉर्म: तरुण खेळाडूला क्लबनं ठेवावं की सोडावं? अन्सू फातीच्या उदाहरणातून समजून घेऊ

बार्सिलोनाची १० नंबरची जर्सी कुणालाही मिळत नाही. आधी रोनाल्डिन्यो, मग मेस्सी. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीनं क्लब सोडला आणि महिनाभराच्या आत ही जर्सी १८ वर्षांच्या अन्सू फातीला देण्यात आली. तेव्हा तो गुडघ्याच्या दुखापतीमुळे बरेच महिने मैदानाबाहेर होता.

जुलै २०२५ मध्ये हीच जर्सी लामिन यमालकडे गेली. फाती तोवर लोनवर फ्रेंच लीगमधल्या मोनॅको क्लबमध्ये पोहोचला होता.

मधल्या चार वर्षांत बार्सिलोनाच्या प्रत्येक पोस्टखाली एकच वाद रंगायचा. एक गट म्हणायचा, "पोरगा अजून लहान आहे, वेळ द्या." दुसरा म्हणायचा, "अजून किती वेळ? विका आणि मोकळे व्हा."

हा वाद फक्त फातीपुरता नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या क्लबमध्ये असा एखादा खेळाडू असतोच. मग क्लब निर्णय कसा घेतात? आणि बरोबर निर्णय कोणता? एकेक मुद्दा बघू.

फातीकडून एवढी अपेक्षा का होती?

फातीचा जन्म ३१ ऑक्टोबर २००२ चा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशातला. लहानपणीच तो स्पेनला आला आणि दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या 'ला मासिया' अकॅडमीत दाखल झाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये १६ वर्षांचा असताना तो सीनियर संघातून खेळला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्यानं ओसासुनाविरुद्ध गोल केला. डिसेंबरमध्ये इंटर मिलानविरुद्ध गोल मारून तो चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातला सगळ्यात कमी वयाचा गोल करणारा खेळाडू ठरला. वय १७ वर्षं ४० दिवस. सप्टेंबर २०२० मध्ये त्यानं स्पेनकडूनही गोल केला.

२०२०-२१ च्या सीझनची सुरुवातही दणक्यात झाली. पहिल्या १० सामन्यांत ५ गोल. मेस्सीनंतर कोण, याचं उत्तर सापडलं असं लोकांना वाटायला लागलं होतं.

मग बिघडलं कुठे?

७ नोव्हेंबर २०२० ला रिअल बेटिसविरुद्धच्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्यातला मेनिस्कस फाटला. क्लबनं सांगितलं, साधारण चार महिने लागतील. प्रत्यक्षात तो परतला २६ सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे साडेदहा महिन्यांनी. त्या काळात गुडघ्यावर एकाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या.

परतल्यावर लेवान्तेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आला आणि लगेच गोल केला. ऑक्टोबरमध्ये क्लबनं त्याच्याशी २०२७ पर्यंतचा करार केला. त्यात १०० कोटी युरोंचा रिलीज क्लॉज होता, म्हणजे करार मोडून त्याला न्यायचं तर तेवढी रक्कम मोजावी लागणार.

पण नोव्हेंबर २०२१ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला दुखापत झाली. जानेवारी २०२२ मध्ये परतला, रिअल माद्रिदविरुद्ध गोल केला आणि आठवडाभरातच पुन्हा डावी मांडी दुखावली. त्यानंतर मैदानात दिसला तो थेट मे महिन्यात.

२०२२-२३ मध्ये तो ५१ सामन्यांत उतरला, बरेचदा बदली म्हणून, आणि १० गोल केले. शरीर टिकलं, पण जुना वेग आणि तो बेधडकपणा दिसेना. पुढचा सीझन ब्रायटनला लोनवर गेला. २७ सामने, ४ गोल आणि पोटरीची दुखापत. २०२४-२५ मध्ये बार्सिलोनात परत आला. ११ सामने, शून्य गोल.

म्हणजे सुरुवातीला प्रश्न फक्त दुखापतीचा होता. नंतर तो खेळाचाही झाला.

एकदा दुखापत झाली की ती पुन्हा का होते?

मेनिस्कस म्हणजे गुडघ्याच्या दोन हाडांमधली कूर्चेची गादी. पळताना आणि उडी मारताना बसणारा धक्का ती शोषून घेते. ती फाटली तर डॉक्टरांसमोर साधारण दोन मार्ग असतात. फाटलेला भाग काढून टाकायचा, किंवा टाके घालून शिवायची.

भाग काढला तर खेळाडू लवकर परततो, पण पुढे गुडघा झिजायचा धोका वाढतो. टाके घातले तर गादी वाचते, पण बरं व्हायला बरेच महिने जातात आणि टाके नीट जुळतीलच याची खात्री नसते. तरुण खेळाडूचं पुढचं सगळं करिअर बाकी असल्यामुळे शक्यतो गादी वाचवायचा प्रयत्न होतो.

हॅमस्ट्रिंगचं दुखणं वेगळं. हा स्नायू सगळ्यात जास्त ताणला जातो तो पूर्ण वेगात पळताना. फातीसारख्या विंगरचा तर खेळच वेगावर चालतो.

क्रीडा वैद्यकशास्त्रात एक गोष्ट पक्की मानली जाते. पुढच्या दुखापतीचा सगळ्यात मोठा इशारा म्हणजे आधी झालेली दुखापत. बरा झालेला स्नायू पहिल्यासारखा राहत नाही, खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो, आणि परत यायची घाई झाली तर नवीनच ठिकाणी दुखायला लागतं.

यात मनाचाही भाग आहे. तोच गुडघा वळवताना खेळाडू क्षणभर विचार करतो, आणि टॉप लेव्हलला तो क्षण डिफेंडरला पुरतो. त्यामुळे 'फिट' असा शेरा मिळाला म्हणजे जुना खेळाडू परत आला, असं होत नाही.

क्लबचा हिशेब काय असतो?

समजा क्लबनं एखादा खेळाडू विकत घेतला. ती रक्कम हिशेबात एकाच वर्षी दाखवली जात नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. बार्सिलोनानं २०१७ मध्ये उस्मान डेम्बेलेला १०.५ कोटी युरो आणि वरचे बोनस अशा किमतीत घेतलं. करार पाच वर्षांचा. म्हणजे मूळ रकमेचे वर्षाला २.१ कोटी युरो खर्चात धरले गेले. असा खेळाडू लवकर आणि स्वस्तात विकला, तर उरलेली रक्कम तोटा म्हणून दिसते.

अकॅडमीतून आलेल्या खेळाडूवर अशी खरेदीची रक्कमच नसते. त्यामुळे तो विकल्यावर येणारा जवळपास सगळा पैसा नफ्यात जातो. पैशांची चणचण असलेल्या क्लबला घरचाच मुलगा विकायचा मोह होतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे पगार. ला लीगामध्ये प्रत्येक क्लबच्या संघखर्चाला मर्यादा असते. याच मर्यादेमुळे २०२१ मध्ये बार्सिलोनाला मेस्सीच्या नव्या कराराची नोंदणी करता आली नव्हती. अशा क्लबमध्ये बाकावर बसलेल्या खेळाडूचा मोठा पगार म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी अडलेली जागा.

मग लगेच का विकत नाहीत? कारण सारख्या दुखापती होणाऱ्या खेळाडूला बाजारात भाव नसतो. घेणारा क्लब वैद्यकीय तपासणी करतो, स्कॅन बघतो आणि किंमत पाडतो. २०२० मध्ये ज्याला देऊन टाकायचा कुणी विचारही केला नसता, त्याच्यासाठी नंतर लोनवाला क्लब शोधायची वेळ आली.

मधला मार्ग म्हणजे विकत घ्यायच्या पर्यायासह लोन. फाती २०२५-२६ साठी मोनॅकोला गेला तो असाच. पोरगा चालला तर नवा क्लब घेईल, नाही चालला तर परत पाठवेल. जाण्याआधी बार्सिलोनानं त्याचा करार २०२८ पर्यंत वाढवला, म्हणजे परत आला तरी कराराची दोन वर्षं हातात राहतील. मोनॅकोकडून पहिल्याच सामन्यात, चॅम्पियन्स लीगमध्ये क्लब ब्रुज विरुद्ध, त्यानं गोल केला. एका गोलवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण नव्या जागी सुरुवात करण्याचा अर्थ काय, ते त्यातून कळतं.

वाट पाहिली तर काय होतं? तीन उत्तरं

पेद्री. याचा जन्म फातीनंतर महिन्याच्या आतला. क्लब तोच. २०२०-२१ मध्ये क्लब, युरो आणि ऑलिंपिक धरून पेद्री ७३ सामने खेळला. तेही १८ व्या वर्षी! पुढची तीन वर्षं हॅमस्ट्रिंगनं त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. त्यालाही 'काचेचा खेळाडू' म्हणून झालं. पण क्लब थांबला आणि त्याच्यावरचा भार सांभाळला गेला. २०२४-२५ मध्ये तो बार्सिलोनाकडून ५९ सामने खेळला आणि संघानं ला लीगा जिंकली.

उस्मान डेम्बेले. बार्सिलोनात सहा वर्षं आणि दुखापतींची लांबलचक यादी. एकूण १८५ सामने, ४० गोल. २०२३ मध्ये क्लबनं त्याला सुमारे ५ कोटी युरोंना पॅरिस सेंट-जर्मेनकडे जाऊ दिलं. २०२५ मध्ये त्यानं तिथे चॅम्पियन्स लीग जिंकली आणि बॅलन डी'ओरही. म्हणजे वाट बार्सिलोनानं पाहिली आणि फळ पॅरिसला मिळालं.

जॅक विल्शेर. आर्सेनलचा लाडका. २०१०-११ च्या एका सीझनमध्ये ४९ सामने खेळला. पुढचा अख्खा सीझन घोट्याच्या दुखापतीमुळे गेला. क्लबनं वर्षानुवर्षं वाट पाहिली, मध्ये बोर्नमथला लोनवरही पाठवलं. २०१८ मध्ये करार संपल्यावर तो गेला आणि २०२२ मध्ये, तिशीतच, निवृत्त झाला.

सोशल मीडियावर वाद घालताना आपण यातलं सोयीचं एकच उदाहरण उचलतो. 'थांबा' म्हणणारे डेम्बेले दाखवतात, 'विका' म्हणणारे विल्शेर. खरं म्हणजे एका उदाहरणावरून दुसऱ्याचं भविष्य सांगता येत नाही. मात्र त्यांच्यातला फरक कुठे आहे, हे नक्की बघता येतं.

मग ठरवायचं कसं?

फाती आणि पेद्रीमधला मोठा फरक दुखापतींच्या संख्येत नव्हता. पेद्री जेव्हा जेव्हा फिट असायचा, तेव्हा संघातला सगळ्यात चांगला खेळाडू वाटायचा. फाती फिट झाल्यावरही जुना फाती वाटत नव्हता. म्हणून 'किती वेळा जखमी झाला' याच्या आधी 'फिट असताना कसा खेळला' हे विचारायला हवं. दुखापत अडवत असेल तर वैद्यकीय टीम, सराव आणि विश्रांती यांतून मार्ग निघू शकतो. खेळच हरवला असेल तर त्यावर औषध एकच, सलग सामने.

त्यानंतर येतात बाकीचे तीन प्रश्न.

एक, दुखापत कसली आहे? वेगवेगळ्या स्नायूंना होत असेल तर भार कमी करून फरक पडू शकतो. एकच सांधा सारखा दगा देत असेल तर धोका मोठा.

दोन, त्याच्या जागेवर कोण आहे? फाती परतला तेव्हा डाव्या विंगवर राफिन्या जबरदस्त फॉर्मात होता आणि उजवीकडे यमाल होता. चुका करत करत फॉर्म मिळवायला लागणारी मिनिटं तिथे शिल्लकच नव्हती.

तीन, करार किती उरलाय? एक वर्ष उरलं असेल तर क्लबच्या हातात फार काही राहत नाही. तीन वर्षं असतील तर लोन, सुधारणा आणि नंतर विक्री, असे रस्ते मोकळे असतात.

या कसोट्यांवर बघितलं तर २०२१ मध्ये फातीला ठेवणं चूक नव्हतं. १८ वर्षांच्या मुलाला एका गुडघ्यावरून कोण सोडेल? २०२३ मध्ये लोनवर पाठवणंही योग्य होतं. न पटणारं वर्ष आहे २०२४-२५ चं. त्या वर्षी तो क्लबमध्ये होता, १० नंबरची जर्सीही होती, फक्त खेळायला मिळत नव्हतं. काही काळ दुखापतीत गेला हे खरं, पण फिट असतानाही तो बाकावरच दिसायचा. त्या वर्षी ना क्लबला गोल मिळाले, ना बाजारभाव वाढला, ना खेळाडूचा आत्मविश्वास.

विंगरच्या पायात पूर्ण वेगाची वर्षं मोजकीच असतात. बाकावर गेलेलं २२ वं वर्ष त्याला परत मिळत नाही. क्लबला पुढच्या ट्रान्सफर विंडोत दुसरा विंगर मिळतो.

म्हणून उत्तर 'ठेवा' किंवा 'विका' इतकं सरळ नाही. ठेवायचं असेल तर खेळवायची योजना हवी, त्यात त्याच्या वाट्याची मिनिटं आणि मुदत ठरलेली हवी. ते जमणार नसेल तर जिथे खेळायला मिळेल तिथे जाऊ द्यावं. निर्णय न घेता नुसतं धरून ठेवणं हा तिसरा पर्याय क्लबना सोपा वाटतो, पण त्याची किंमत खेळाडू मोजतो.

आणि पुढच्या वेळी एखाद्या पोराच्या फोटोखाली 'काचेचा' अशी कमेंट टाईप कराल, तेव्हा एक आठवा. फातीचा गुडघा गेला तेव्हा त्याला १८ वर्षं पूर्ण होऊन फक्त आठवडा झाला होता.