पायांतील रक्ताभिसरणाचे विकार : धमनी व शिरा यांतील भेद

प्रस्तावना :
पनवेल परिसरातील महाविद्यालयांत हार्बर मार्गाने ये-जा करणाऱ्या अध्यापकांना गर्दीच्या वेळी पुष्कळदा उभ्याने प्रवास करावा लागतो. त्यानंतर फळ्यासमोर उभे राहून तासिका घ्याव्या लागतात. सायंकाळी पाय दुखू लागले की 'रक्तपुरवठा कमी पडतो' असे निदान घरीच केले जाते. वस्तुतः या एका वाक्यात दोन भिन्न विकार दडलेले असून एकावरील उपाय दुसऱ्यात अपायकारक ठरू शकतो.

रक्ताची ये-जा :
विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. धमन्यांतून रक्त पायांकडे येते व शिरांतून परत जाते. परतीच्या मार्गावर पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि शिरांतील झडपा ते मागे येऊ देत नाहीत. निश्चल उभे असताना घोट्याजवळील शिरांतील दाब सुमारे ९० मि.मी. पारा इतका असतो. चालताना तो सुमारे ३० पर्यंत उतरतो. म्हणजेच उभे राहण्यापेक्षा निश्चल उभे राहणे अधिक बाधक होय.

शिरांचा विकार :
झडपा निकामी झाल्यास शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात, घोट्याला सूज येते, त्वचा काळवंडते व प्रसंगी व्रण होतो. पाय उंच ठेवल्यास आराम पडतो.

धमन्यांचा विकार :
धमन्या अरुंद झाल्यास काही अंतर चालल्यावर पोटरी दुखते व थांबल्यावर काही मिनिटांत वेदना शमते. विकार बळावल्यास रात्रीही पाऊल दुखते. मात्र येथे पाय पलंगाखाली सोडल्याने बरे वाटते. तंबाखू, मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे होत.

उपचारातील सावधानता :
शिरांच्या विकारात घट्ट मोजे उपयुक्त ठरतात. परंतु धमनीचा प्रवाह फार क्षीण असल्यास तेच मोजे उरलासुरला रक्तपुरवठा रोखून पाऊल धोक्यात आणू शकतात. म्हणून ते परस्पर विकत घेण्यापूर्वी पायाची नाडी तपासून घ्यावी. घोट्यातील रक्तदाबास दंडातील रक्तदाबाने भागल्यास येणारा अंक ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास धमनीविकार संभवतो. एक पाय अचानक सुजल्यास अथवा थंड व फिकट पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

समारोप :
वर्गात अधूनमधून चालणे, टाचा उचलणे व तंबाखू वर्ज्य करणे हे सहजसाध्य उपाय आहेत. मात्र पाय उंच केल्याने बरे वाटते की खाली सोडल्याने, याचे निरीक्षण करून ते डॉक्टरांना सांगणे ही योग्य निदानाची पहिली पायरी होय.