कारखान्याचा वास मोजणारे यंत्र

जुन्नर तालुक्यात विघ्नहर व आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने असून ऊस उत्पादकांस त्यांचा मोठा आधार आहे. साखरधंद्याबरोबर प्रेसमड व सांडपाणी, आणि जेथे मद्यार्क तयार होतो तेथे स्पेंटवॉश, हीही आलीच. हे पदार्थ हवेवाचून कुजले म्हणजे हायड्रोजन सल्फाइडसारखे दुर्गंधी वायू निघतात.

वासाची तक्रार सिद्ध करणे कठीण असते. सतत त्याच हवेत राहणाऱ्याचे नाक वासास सरावते. आणि चौकशी होईपर्यंत वारा फिरलेला असतो. म्हणून रात्रंदिवस नोंद ठेवणारे ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ उपयोगी पडते. अशा यंत्राची कल्पना इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठाचे पर्सॉड व डॉड यांनी १९८२ साली मांडली.

या यंत्रात निरनिराळ्या वायूंना कमीअधिक प्रतिसाद देणारे अनेक संवेदक असतात. वायूचा स्पर्श होताच त्यांचा विद्युतरोध बदलतो. सर्व संवेदकांच्या बदलांचा मिळून जो ठसा उमटतो, तो संगणक पूर्वी शिकविलेल्या ठशांशी ताडून पाहतो. शिकविण्याचे काम मात्र माणसाच्या नाकानेच होते. निवडक माणसांना तीच हवा शुद्ध हवेत मिसळून हुंगावयास देतात व किती पट विरळ केल्यावर निम्म्या माणसांना वास येईनासा होतो, हे पाहतात. कागदाच्या कारखान्यासाठी शिकविलेले यंत्र साखर कारखान्यात जसेच्या तसे चालत नाही. हवेतील दमटपणानेही आकडे बदलतात. म्हणून वेळोवेळी पडताळणी आवश्यक आहे.

यंत्र नसेल तेथेही गावकऱ्यांनी नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व वासाचा प्रकार लिहावा. हिवाळ्यात रात्री व पहाटे हवा स्तब्ध असल्याने कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांत वास जमिनीलगत साचू शकतो. त्या वेळची नोंद विशेष मोलाची. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी वही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारीसोबत द्यावी. यंत्र बसल्यावर त्याचे आकडे याच नोंदींशी ताडता येतील.

एक इशारा सर्वांनी ध्यानात ठेवावा. हायड्रोजन सल्फाइड अल्प प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग झाला की नाक बधिर होते व वास येईनासा होतो. तो हवेहून जड असल्याने खड्ड्यात व टाकीत साचतो. तेव्हा वास नाही म्हणून धोका नाही, असे समजून सांडपाण्याच्या टाकीत किंवा शेणखड्ड्यात कोणीही उतरू नये.