फुटबॉलच्या मैदानातून न्यायासनाकडे: ॲलन पेज यांची वाट ठाणे-कल्याणच्या खेळाडूला चालेल का?

कॉलेजात फुटबॉल गाजवलेला खेळाडू पुढे न्यायाधीश झाला, असं ठळक उदाहरण अमेरिकेत आहे: ॲलन पेज. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळतात तो. पेज नोत्र दाम विद्यापीठाच्या 1966च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होते. पुढे मिनेसोटा व्हायकिंग्सकडून खेळताना 1971 मध्ये ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचाव फळीतल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

खेळता खेळता वकील

पेज निवृत्तीची वाट पाहत बसले नाहीत. व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच 1978 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. 1981 मध्ये मैदान सोडलं. 1992 मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले, तेही तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश म्हणून. 2015 मध्ये सत्तरीच्या वयोमर्यादेमुळे निवृत्त झाले.

आपल्याकडे काय वेगळं?

मिनेसोटात न्यायाधीशपदासाठी मतदान होतं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) होण्यासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. त्यातच 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली.

दुसरा मार्ग वकिलीतून थेट उच्च न्यायालयाचा. त्यासाठी उच्च न्यायालयातली किमान दहा वर्षांची वकिली लागते, पण परीक्षा नसते, नियुक्ती होते. ठाण्याचे अभय ओक असेच वर गेले. 1983 मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या हाताखाली त्यांनी वकिली सुरू केली. 2003 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

खेळाडूची खरी अडचण

आपल्याकडे चांगल्या खेळाडूला खुणावते ती रेल्वे किंवा पोलिसांतली क्रीडा कोट्यातली नोकरी. पण बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे नोकरी आणि ती तीन वर्षं एकत्र जमत नाहीत. घर चालवायचं असेल, तर ही निवड सोपी नाही; नवख्या वकिलाची कमाई बेताचीच असते.

म्हणून कॉलेजात जरूर खेळा. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. मात्र नोकरीचा कागद हातात आला, की सही करण्याआधी हा हिशेब मांडा. परीक्षेची वयोमर्यादाही त्यात धरा.