नोकरीचा निर्णय यंत्राच्या हाती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अर्जांच्या चाळणीपासून कामावरून काढण्यापर्यंतच्या निर्णयांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, वापरली जाते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या ११,००४ प्रौढांना याविषयी विचारलं. त्यांची उत्तरं सरसकट भीतीची नाहीत, विवेकाची आहेत.

गैरसमज: नोकरदारांना एआय नकोच आहे.
वस्तुस्थिती: अर्ज तपासायला एआय वापरण्यास ४१ टक्के लोकांचा विरोध होता, नोकरी कोणाला द्यायची याचा अंतिम निर्णय त्यावर सोपवायला मात्र ७१ टक्क्यांचा. कोणाला कामावरून काढायचं हे ठरवताना एआय वापरण्यास ५५ टक्क्यांनी विरोध केला. तरीही सगळ्या अर्जदारांना एकाच मापाने मोजण्यात एआय माणसापेक्षा सरस ठरेल, असं ४७ टक्के लोकांना वाटलं. म्हणजे यंत्राची मदत अनेकांना चालते. शेवटचा शब्द त्याचा नको.

गैरसमज: यंत्र भेदभाव करत नाही.
वस्तुस्थिती: यंत्र जुन्या नोंदींवरून शिकतं. अ‍ॅमेझॉनने अर्ज निवडण्यासाठी बनवलेली प्रणाली दहा वर्षांच्या अर्जांवर शिकली होती आणि त्यांत पुरुषांचे अर्ज बहुसंख्य होते. परिणामी, ‘महिलांचा’ असा उल्लेख असलेल्या अर्जांना ती कमी गुण देऊ लागली. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून हे जगासमोर आलं.

गैरसमज: यंत्राने काढलं की दाद मागता येत नाही.
वस्तुस्थिती: कायदा कुठला, यावर ते अवलंबून आहे. उबरने खाती बंद केलेल्या काही चालकांच्या बाजूने अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. त्या निर्णयांतला माणसाचा सहभाग नाममात्र असल्याचं न्यायालयाचं मत पडलं. न्यूयॉर्क शहरात अशा भरती-प्रणालीची दरवर्षी पक्षपात-तपासणी करावी लागते आणि उमेदवाराला आधी कळवावं लागतं.

गैरसमज: आपल्याकडे हा प्रश्न अजून आलेला नाही.
वस्तुस्थिती: पुण्या-मुंबईत अ‍ॅपवर काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगाराचा ‘आयडी ब्लॉक’ झाला, की त्याची त्या दिवशीची कमाई थांबते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात स्वयंचलित निर्णयाविरुद्ध युरोपसारखा स्वतंत्र हक्क नाही.

माणसाच्या पोटापाण्याचा निर्णय घेणाऱ्याने त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. नकार मिळाला किंवा काम गेलं, तर दोन गोष्टी लेखी विचारा: कारण काय आणि निर्णयाला जबाबदार अधिकारी कोण? संघटनांनी हीच मागणी कायद्यात उतरवून घ्यावी.