'पोलीस ॲक्शन' : एका इंग्रजी लष्करी संज्ञेचा अर्थ आणि मराठवाड्यातील वापर

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांत जुन्या पिढीने आपले वय, लग्न वा स्थलांतर सांगताना 'पोलीस ॲक्शनच्या आधी' किंवा 'पोलीस ॲक्शननंतर' असा काळाचा निर्देश केल्याचे नेहमी आढळते. निरक्षर माणसाच्या बोलण्यातही रुळलेली ही संज्ञा मूळची इंग्रजी आहे. अभ्यासक्रमात मात्र ती 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' व 'ऑपरेशन पोलो' या संज्ञांशी समानार्थी मानली जाते. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा अर्थ, तिच्या निवडीचे कारण आणि तिच्या वापराच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

संज्ञेचा अर्थ :
लष्करी इंग्रजीत 'ॲक्शन' म्हणजे प्रत्यक्ष चकमक वा लढाई. त्यास 'पोलीस' हे विशेषण जोडल्यावर युद्धाची औपचारिक घोषणा न करता, शांतता व सुव्यवस्था राखण्याचे कारण देऊन केलेली सैनिकी कारवाई असा अर्थ होतो. येथे 'पोलीस' हा शब्द कारवाईचा कर्ता सांगत नाही, तिचा दावा सांगतो. मराठीत 'पोलीस कारवाई' असे भाषांतर केल्यास 'पोलिसांची कारवाई' असा षष्ठी तत्पुरुष समजला जातो व मूळ अर्थच हरवतो. आजच्या वृत्तपत्रांत 'पोलीस कारवाई' म्हणजे जुगाराच्या अड्ड्यावरील छापा. १९४८ च्या घटनेला तो शब्द लावणे दिशाभूल करणारे आहे.

जागतिक संदर्भ :
ही संज्ञा केवळ हैदराबादपुरती मर्यादित नाही. इंडोनेशियातील स्वातंत्र्य चळवळीविरुद्ध नेदरलँड्सने जुलै १९४७ व डिसेंबर १९४८ मध्ये केलेल्या लष्करी मोहिमांना डच सरकारने याच अर्थाचे नाव दिले होते. त्यांपैकी पहिल्या मोहिमेचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या देशांत भारत होता, ही बाब लक्षणीय आहे. जून १९५० मध्ये कोरियातील लष्करी हस्तक्षेपासाठी पत्रकाराने सुचविलेली हीच संज्ञा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मान्य केली. तेथेही युद्धाची घोषणा झाली नव्हती.

हैदराबादचा प्रसंग :
१५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजामाने हैदराबाद संस्थान भारतात विलीन केले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. दरम्यान लातूर येथे वकिली केलेल्या कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. अशा वेळी 'युद्ध' हा शब्द वापरणे म्हणजे हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे अप्रत्यक्षपणे मान्य करणे ठरले असते. 'पोलीस ॲक्शन' या शब्दाने हा प्रश्न देशांतर्गत सुव्यवस्थेचा ठरत होता.

प्रत्यक्षात १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली मोहीम संपूर्णपणे सैनिकी होती. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज रणगाड्यांसह सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे सरकली. हवाई दलाचेही साहाय्य होते. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, १८ सप्टेंबरला जनरल अल् इद्रूस यांनी औपचारिक शरणागती दिली. त्यानंतर चौधरी यांनीच लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार पाहिला.

शब्दाने काय झाकले :
हे नाव दोन गोष्टी दृष्टीआड करते. पहिली, लोकांचा लढा. १९३८ च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहापासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली चाललेला संघर्ष व सरहद्दीवरील कॅम्पांतील कार्यकर्त्यांचा त्याग पाच दिवसांच्या सैनिकी कारवाईत मावत नाही. दुसरी, कारवाईच्या काळातील व नंतरची हिंसा. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात एकूण २७ ते ४० हजार बळींचा अंदाज नोंदविला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांचा समावेश केला. आजचा लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. हा अहवाल शासनाने त्या काळी प्रसिद्ध केला नाही. आकड्यांविषयी मतभेद असले तरी त्या हिंसेचा उल्लेख टाळता येत नाही. उर्दूत याच घटनेस 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन, असेही म्हटले जाते. रझाकारांच्या छळातून सुटलेल्या कुटुंबास हीच 'पोलीस ॲक्शन' सुटका वाटते, तर नंतरच्या हिंसेत घरदार गमावलेल्या कुटुंबास आपत्ती. दोन्ही आठवणी एकाच गावात असू शकतात.

निष्कर्ष :
१) 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' ही १९३८ पासूनच्या लोकलढ्याची, 'ऑपरेशन पोलो' ही पाच दिवसांच्या सैनिकी मोहिमेची, तर 'पोलीस ॲक्शन' ही त्या मोहिमेच्या राजकीय समर्थनाची संज्ञा आहे. त्या परस्परांच्या जागी वापरू नयेत.
२) 'पोलीस ॲक्शन' ही संज्ञा भाषांतर न करता, अवतरण चिन्हांत व स्पष्टीकरणासह द्यावी.
३) मौखिक इतिहासाच्या संकलनात निवेदकाने वापरलेला शब्द बदलू नये. तो शब्द कोणाच्या अनुभवातून आला, याची नोंद करावी.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ आज स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करते. त्याच्या परिक्षेत्रातील वर्गांत हा भेद शिकविला गेला, तर विद्यार्थ्यास आजोबांचा शब्द आणि पाठ्यपुस्तकातील शब्द यांतील अंतर समजेल.