शेवट नसलेली फीत

ध्वनिफीत संपली की ती पुन्हा गुंडाळावी लागते. धावत्या मोटारीत हे कसे जमावे? १९५० नंतर अमेरिकेत यावर तोड निघाली : फितीची दोन्ही टोके जोडून ती एकाच चकतीवर, एका डबीत बसवायची.

आमच्या घरी दोर वळतात. वेटोळ्याच्या पोटातून ओढलेला दोर सुरळीत सुटतो, हे मला अक्षरओळखीआधीच ठाऊक होते. येथेही तसेच आहे. फीत आतल्या वेढ्यातून निघते, हेडवरून जाते आणि बाहेरच्या वेढ्यावर बसते. मात्र आतला वेढा लहान, बाहेरचा मोठा. चकतीच्या एका फेऱ्यात आतून सुटलेली फीत बाहेरच्या वेढ्याला पुरत नाही. म्हणून प्रत्येक थर शेजारच्या थरावरून घसरलाच पाहिजे; नाहीतर गुंडाळी आवळत जाऊन फीत अडकते. त्यासाठी फितीच्या पाठीला ग्रॅफाइटचे वंगण दिले गेले. बिल लियर यांची १९६४ची आठ ट्रॅकची डबी याच तत्त्वावर चाले.

याची किंमतही होती. ही फीत मागे फिरवता येत नसे. निसटलेली ओळ पुन्हा ऐकायला पूर्ण फेरा होऊ द्यावा लागे. पुढे दोन चकत्यांच्या कॅसेटने तिला मागे टाकले.

मित्रहो, यंत्र म्हणजे केवळ शास्त्र शाखेचा प्रांत, असे आपण कलाशाखेचे विद्यार्थी का मानतो? या डबीतले निम्मे कोडे मला घरच्या दोराने सोडवून दिले.